सी अर्चिनचं अंडं आपल्याच जातीचा शुक्राणू कसा ओळखतं?

प्राणिशास्त्रवाली

नागपुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. फलनाचा धडा सी अर्चिनशिवाय पुढे सरकत नाही. बेडूक आणि कोंबडी नंतर येतात, आधी हा काटेरी प्राणी. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि पुस्तकात हा भाग दीड पानात उरकलेला असतो. मला तो उरकवत नाही, म्हणून हा धागा काढतेय. प्रश्न पडतील ते सगळे विचारा.

आधी मूळ अडचण सांगते. अर्चिनमध्ये नर-मादीचं मीलन होत नाही. नर शुक्राणू पाण्यात सोडतो, मादी अंडी पाण्यात सोडते, आणि पुढचं सगळं उघड्या समुद्रात होतं. त्याच खडकावर दुसऱ्या जातीचे अर्चिन असतात, त्यांचाही हंगाम पुष्कळदा तोच. म्हणजे अंड्याला दोन गोष्टी साधायच्या असतात: आपल्या जातीचा शुक्राणू मिळायला हवा, परका आत यायला नको. यासाठी डोळे नाहीत, मेंदू नाही. जे काही आहे ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूंत आहे.

शिकत असताना मन्नारच्या आखाताकाठी मी हे स्वतः करून पाहिलंय. अर्चिनच्या तोंडाभोवती मऊ पडदा असतो, त्यातून सुईने पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आत सोडायचं. मग समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर त्याला उलटं ठेवायचं. पाठीच्या टोकाला पाच बारीक छिद्रं असतात, ती आता खाली पाण्यात येतात. थोड्या वेळाने त्या पाचही छिद्रांतून पिवळसर धागे पाण्यात उतरायला लागले तर मादी. पांढरं दाट काही आलं तर नर. तोपर्यंत नर की मादी हे बाहेरून सांगता येत नाही. धागे तळाशी जाऊन मोकळे होतात आणि अंड्यांचा थर बसतो. एकेक अंडं साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून थोडं लहान, आणि बऱ्याच जातींत इतकं पारदर्शक की आतलं केंद्रक दिसतं. याच पारदर्शकपणामुळे 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग यांना भूमध्य समुद्रातल्या अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना दिसली. फलन म्हणजे नेमकं काय, हे तिथून कळायला लागलं.

सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याभोवती काहीच दिसत नाही, पण तिथे जेलीचा जाड थर असतो. पाण्यात काळ्या शाईचा थेंब टाकला की शाईचे कण जेलीत शिरू शकत नाहीत आणि अंड्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. ओळखीची सुरुवात त्या कड्यापासून होते, किंबहुना त्याच्याही बाहेरून.

मानेवाडा_एक्स्प्रेस

ताई, मस्त धागा. मी कॉमर्सवाला, पण वाचून राहिलो. एक सांगा, एवढ्या पाण्यात त्या शुक्राणूले अंडं भेटते कसं? लाट आली की दोघंबी कुठच्या कुठे जातील ना. आणि एवढूसा जीव पोहून पोहून किती पोहणार?

प्राणिशास्त्रवाली

दादा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बरीच अंडी तशीच वाया जातात, लाटेने आणि पाण्यात पातळ होऊन. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

पण शुक्राणू अंड्याच्या आसपास आला की निव्वळ नशिबाचा भाग कमी होतो. जेलीतून छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, पाण्यात झिरपत असतात. पहिला सापडला तो 1981 मध्ये, नाव स्पेरॅक्ट, फक्त 10 अमिनो आम्लांचा. अर्बेशिया पंक्च्युलाटा या जातीचा पेप्टाइड वेगळा, नाव रेसॅक्ट, 14 अमिनो आम्लांचा. रेसॅक्टच्या दिशेने शुक्राणू खरोखरच वळून जातात, हे 1985 मध्ये दाखवलं गेलं.

शुक्राणूच्या शेपटीवर त्याचा ग्राही, म्हणजे त्याला धरणारं प्रथिन, असतो. पेप्टाइड त्याला चिकटला की आत सायक्लिक जीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, आणि थोड्या वेळाने कॅल्शियम झटक्याझटक्याने आत येतं. प्रत्येक झटक्याला शेपटीचा मारा एका बाजूला झुकतो आणि शुक्राणू वळतो. एरवी तो गोल गोल फिरत असतो. पेप्टाइड कमी होतोय असं जाणवलं की वळायचं, वाढत असेल तर सरळ जायचं, असं करत तो अंड्याकडे सरकतो. संवेदनशीलता किती असावी? अर्बेशियाच्या शुक्राणूत रेसॅक्टच्या एका रेणूनेही प्रतिसाद उठतो, असं 2003 मध्ये मोजलं गेलं. हे वर्गात सांगताना मी दरवेळी थांबते. ते मुलांच्या मनात नीट उतरू द्यायला हवं.

आणि रेसॅक्टवर वळणारा शुक्राणू स्पेरॅक्टकडे लक्ष देत नाही. म्हणजे निवड इथूनच सुरू झाली.

धरमपेठी

फार छान समजावताय. मी आयुष्यभर यंत्रांत काम केलेला माणूस, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच कुलूप-किल्ली आली. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागत नाही, इतकंच ना? मग यात गूढ काय राहिलं?

प्राणिशास्त्रवाली

काका, पुस्तकांतही हीच उपमा असते आणि मला तिच्याशीच भांडायचं आहे. पण त्याआधी पुढचे दोन टप्पे.

शुक्राणू जेलीत शिरला की तिथल्या लांबलचक साखळ्यांशी त्याची गाठ पडते. फ्यूकोज नावाच्या साखरेच्या या साखळ्या, त्यांवर सल्फेटचे गट. साखर तीच, पण कडी कशी जोडली आहे आणि सल्फेट कुठे बसलाय, हे जातीगणिक बदलतं. जुळणारी साखळी मिळाली की शुक्राणूत कॅल्शियम शिरतं, आतला सामू वाढतो, आणि डोक्याच्या टोकावरची ॲक्रोसोमची पिशवी फुटते. लगेच ॲक्टिन या प्रथिनाचे धागे जुळून टोकातून एक बारीक काटा पुढे येतो. या बदलाला ॲक्रोसोम प्रतिक्रिया म्हणतात. 1952 मध्ये जपानात जीन डॅन यांनी तिचं वर्णन केलं.

आता खरी जवळून होणारी ओळख. त्या काट्यावर पिशवीतलं एक प्रथिन पसरलेलं असतं, बाइंडिन. 1977 मध्ये व्हिक्टर व्हॅकियर आणि गॅरी मोय यांनी जांभळ्या अर्चिनच्या शुक्राणूंतून ते वेगळं काढलं. ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे कणच राहतात. जेली काढून टाकलेल्या अंड्यांत हे कण मिसळले की अंडी एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. ग्लेब आणि व्हॅकियर यांनी त्याच वर्षी दोन जातींचं बाइंडिन आणि दोन जातींची अंडी आलटून पालटून लावून पाहिली: स्वतःच्या जातीच्या अंड्यांच्या गुठळ्या होतात, दुसरीच्या होत नाहीत. एक काचेचं भांडं आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा निकाल. मला हा प्रयोग आजही सर्वात देखणा वाटतो. अंड्याच्या बाजूला बाइंडिन धरणारा मोठा ग्राही पुढे 2003 मध्ये ओळखला गेला, नाव ईबीआर-1.

बाइंडिन खरंच अत्यावश्यक आहे का, याचा थेट पुरावा मात्र 2021 मध्ये आला. जनुक-कात्री वापरून बाइंडिनचं जनुक निकामी केलं. अर्चिन नीट वाढले, नर आणि मादी दोघेही, शुक्राणूसुद्धा दिसायला ठीक. पण बाइंडिन नसलेल्या शुक्राणूंनी एकही अंडं फलित केलं नाही.

आता कुलूप-किल्ली. किल्ली एक तर लागते नाहीतर लागत नाही. बाइंडिन तसं वागत नाही. ते कमी किंवा जास्त घट्ट बसतं. दोन जवळच्या जातींत परका शुक्राणू अगदीच चालत नाही असं क्वचितच होतं. त्याचं प्रमाण भरपूर वाढवलं तर काही अंडी फलित होतात. उत्तरेकडच्या हिरव्या अर्चिनची, म्हणजे स्ट्रॉन्जिलोसेंट्रोटस ड्रोबॅकिएन्सिसची, अंडी शेजारच्या जातींच्या शुक्राणूंना बऱ्यापैकी आत घेतात. त्याच किनाऱ्यावर लाल अर्चिनची अंडी मात्र फार काटेकोर. एवढंच नाही, एकाच जातीतल्या एका नराचं बाइंडिन एका मादीला चांगलं जुळतं आणि दुसरीला कमी. माझा सगळा मुद्दा इथेच आहे: ही ओळख हो-नाहीची नाही, कमी-जास्तीची आहे.

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी भंडाऱ्याचा, आता नागपुरात असतो. घरी तीन पिढ्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासेमारी, मी स्वतः मत्स्यबीजाच्या कामात. तुमच्या या कमी-जास्तवरून आमचा रोजचा अनुभव आठवला. हॅचरीत रोहू आणि कटला एकाच वेळी इंजेक्शन देऊन एकाच टाकीत सोडले तर संकर बीज होतंच. पिल्लं वाढतातही. पुढे तेच प्रजनक म्हणून वापरले गेले की शुद्ध कटला मिळणं मुश्कील होतं. तलावात पिढ्यान्पिढ्या एकत्र राहिलेले मासे, मग तिथे अंडं ओळखत नाही का?

प्राणिशास्त्रवाली

वैनगंगाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. उद्या वर्गात हेच उदाहरण देणार.

माशांची व्यवस्था वेगळी आहे. रोहू-कटलासारख्या माशांच्या अंड्याला जाड कवच असतं आणि त्यात एकच नरसाळ्याच्या आकाराचं भोक, मायक्रोपाइल. शुक्राणू त्यातूनच आत जातो. त्याला कवच भेदायचं नसतं, म्हणून या माशांच्या शुक्राणूला ॲक्रोसोम नसतोच, आणि अर्चिनचा जेली-ॲक्रोसोम-बाइंडिन हा सगळा रस्ता तिथे नाही. ओळख अंड्याच्या पटलावर, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यावर, होते. 2018 मध्ये झेब्राफिशच्या अंड्यावर बाउन्सर नावाचं प्रथिन सापडलं. ते नसेल तर शुक्राणू आत जाऊ शकत नाही. मग संशोधकांनी झेब्राफिशच्या अंड्यावर मेडाका या जपानी माशाचं बाउन्सर बसवलं, आणि मेडाकाचे शुक्राणू त्या अंड्यात शिरले. इतक्या लांबच्या नात्यातले मासे, आणि मधली भिंत एका प्रथिनाने हलली.

शिवाय नदीत रोहू आणि कटला आपापल्या जोड्या जमवतात, आपापली जागा आणि वेळ बघतात. तुमच्या टाकीत इंजेक्शनने वेळ एक केली, सिमेंटच्या भिंतींनी जागा एक केली आणि मिल्टचं, म्हणजे नराच्या शुक्राणूद्रवाचं, प्रमाण नदीच्या कितीतरी पट झालं. अंड्यापर्यंत पोहोचण्याआधीचे सगळे अडसर निघाले. मग उरलेली ओळख कमी पडते.

वैनगंगाकाठ

हे पटलं. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, जाती वेगळ्या टाकीत, वेगळ्या दिवशी. कारण कोणी सांगितलं नव्हतं.

बीएस्सी_सेकंड

मॅडम, (तुम्ही आमच्याच मॅडम आहात का माहीत नाही, पण आमच्या मॅडमही असंच शिकवतात) एक शंका. अंड्याला जास्तीत जास्त शुक्राणू चिकटले तर चांगलंच ना? मग पॉलीस्पर्मी (एका अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू शिरणं) रोखायला एवढी धडपड कशाला? पेपरला नेहमी येतं, पण कारण दोन ओळींत संपतं.

प्राणिशास्त्रवाली

दोन शुक्राणू आत गेले की गुणसूत्रांचे तीन संच होतात, आणि प्रत्येक शुक्राणू आपल्यासोबत पेशीविभाजनाचं केंद्रही आणतो. मग अंड्यात दोनऐवजी चार ध्रुव तयार होतात आणि गुणसूत्रं चार बाजूंना वेडीवाकडी ओढली जातात. थिओडोर बोव्हेरी यांनी 1902 मध्ये नेमकी अशीच दोन शुक्राणूंची अंडी वापरून दाखवलं की नीट वाढ होण्यासाठी पेशीला गुणसूत्रांचा पूर्ण संच लागतो. अशी अंडी बहुधा मरतात.

म्हणून अंडं दोन वेळा दार बंद करतं. पहिलं विजेचं: पटलावरचा विद्युतदाब साधारण उणे 70 मिलिव्होल्टवरून अधिक 20 च्या आसपास जातो, एक ते तीन सेकंदांत. दाब चढलेला असताना दुसरा शुक्राणू पटलात मिसळू शकत नाही. लॉरिंडा जॅफी यांनी 1976 मध्ये हे दाखवलं. पण हा दाब जेमतेम मिनिटभर टिकतो, तेवढ्यात दुसरं दार लावावं लागतं.

दुसरं दार बघायला मिळालं तर सोडू नकोस. भिंगाखाली अंडं धरायचं, शुक्राणूंचं पातळ पाणी बाजूने सोडायचं आणि नजर हलवायची नाही. आधी अंड्याच्या कडेभोवती शुक्राणूंची वळवळ. मग एका जागी कडेवर बारीक फोड आल्यासारखी रेष सुटते आणि तिथून दोन्ही बाजूंनी पसरत जाते. शेवटी अंडं पूर्ण एका स्वच्छ कड्याच्या आत, मधे पाण्याची फट, आणि चिकटलेले बाकीचे शुक्राणू त्या कड्यासोबत बाहेर ढकललेले. आत कॅल्शियमची लाट अंड्यातून पार होत असते. त्या लाटेने कडेच्या आतली सुमारे 15,000 कणिकांची पाकिटं बाहेर उघडतात. त्यांतली विकरं पटलाबाहेरच्या आवरणाचे पटलाशी असलेले बंध कापतात, पाणी आत खेचलं जातं, आवरण वर उचललं जातं आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते कडक होतं. हे आवरण 1847 मध्येच देर्बेस यांनी पाहिलं होतं, कारण मात्र शतकाहून अधिक काळाने कळलं.

पेपरात कारण लिहिताना बोव्हेरी नक्की लिही.

मानेवाडा_एक्स्प्रेस

भारी! म्हणजे कमी आले तरी वांदे, जास्त आले तरी वांदे.

धरमपेठी

बाई, कुलूप-किल्ली मी सोडली. पण आता एक आक्षेप. सर्वात चांगलं जुळणारं बाइंडिन ज्याच्याकडे आहे त्याची पिल्लं जास्त होणार. काही पिढ्यांत सगळ्यांकडे तेच उरायला हवं. मग एकाच जातीत कमी-जास्त जुळणारी निरनिराळी बाइंडिन टिकून कशी राहतात? यंत्रात असे सुटे भाग आपण केव्हाच बाद केले असते.

प्राणिशास्त्रवाली

काका, हा प्रश्न पडायला लोकांना वर्षं लागली आणि तुम्ही एका संध्याकाळीत तिथे आलात.

आधी एवढं सांगते की सगळ्याच अर्चिनमध्ये बाइंडिन बदलत नाही. अर्बेशियात ते फार हळू बदलतं. एकायनोमेट्रात मात्र झपाट्याने. हवाईतल्या एकायनोमेट्राच्या दोन जवळच्या जाती एकमेकींची अंडी सहसा फलित करत नाहीत, हे स्टीफन पालुम्बी आणि एडवर्ड मेट्झ यांनी 1991 मध्ये दाखवलं, आणि त्या गटात निवडीनेच बाइंडिनचे बदल पुढे रेटलेत हे 1996 मध्ये.

का रेटलेत, याचं उत्तर मानेवाडा_एक्स्प्रेस यांच्या ओळीत आहे. समुद्रात अर्चिन विरळ असतील तर शुक्राणू कमी पडतात, अंडी रिकामी जातात. तिथे पटकन, घट्ट जुळणारं बाइंडिन जिंकतं. पण अर्चिन दाटीने असतील तर अंड्यावर शुक्राणूंची झुंबड होते, विजेचं दार लागायच्या आत दुसरा शिरतो आणि अंडं मरतं. तिथे जरा सावकाश जुळणाराच फायद्यात, कारण त्याच्या अंड्यांत पॉलीस्पर्मी कमी. डॉन लेव्हिटन आणि डेव्हिड फेरेल यांनी 2006 मध्ये समुद्रातच प्रयोग करून हे दाखवलं: शुक्राणू कमी असताना सर्वसाधारण प्रकार यशस्वी, गर्दीत दुर्मीळ प्रकार यशस्वी. सगळ्यात चांगलं असं एकच बाइंडिन नाही. शेजारी किती आहेत त्यावर ते ठरतं.

आणि 2012 चं लेव्हिटन यांचं काम तर मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लाल अर्चिन 200 वर्षांपर्यंत जगू शकतो. त्याच्या बाइंडिनचे दोन मुख्य प्रकार, फरक फक्त दोन अमिनो आम्लांच्या जागांचा. एक प्रकार अंड्यांना जास्त जुळतो आणि विरळ वस्तीत सरस ठरतो. दुसरा पॉलीस्पर्मी कमी करतो आणि दाट वस्तीत सरस ठरतो. आता मोठे, म्हणजे वयस्क अर्चिन तपासले तर त्यांत पहिल्या प्रकाराचं वर्चस्व. लहान, तरुण अर्चिनमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे.

कारण असं असावं: सी ऑटर हा प्राणी अर्चिन खातो. फरसाठी माणसाने ऑटरची बेसुमार शिकार केली, आणि अर्चिनची संख्या भरमसाट वाढली. म्हातारे अर्चिन ऑटर होते तेव्हाच्या विरळ समुद्रात जन्मले असणार, तरुण नंतरच्या गर्दीत. एकाच खडकावर दोन काळांचे अर्चिन शेजारी बसलेत आणि शिकारीच्या धंद्याची खूण त्यांच्या शुक्राणूवरच्या प्रथिनात आहे.

धरमपेठी

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. नातवाला फोन करून सांगितलं.

पळसफूल

उशिरा आले. माणसांमध्येही बाइंडिनच असतं का? घरात आयव्हीएफचे उपचार चालू आहेत, म्हणून विचारतेय.

प्राणिशास्त्रवाली

पळसफूल, तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा. माणसात बाइंडिन नाही, प्रथिनं वेगळी आहेत. शुक्राणूवरचं इझुमो-1 हे 2005 मध्ये, आणि अंड्यावरचं त्याचं जोडीदार प्रथिन जुनो 2014 मध्ये ओळखलं गेलं. दोन्ही शोध उंदरांवरच्या कामातून आले, आणि दोन्ही प्रथिनं माणसातही आहेत. जातीची राखण मुख्यतः अंड्याभोवतीचं झोना नावाचं आवरण करतं. ते काढलेल्या हॅमस्टरच्या अंड्यात माणसाचा शुक्राणू शिरू शकतो, आणि एके काळी शुक्राणूंची क्षमता तपासायला हीच चाचणी वापरत. तुमच्या उपचाराबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी प्राणी शिकवणारी आहे. आयव्हीएफमध्ये एका अंड्यामागे किती शुक्राणू ठेवायचे याचा हिशोब करतात, त्याचं एक कारण वर आलेली पॉलीस्पर्मीच आहे, एवढं सांगू शकते.

बीएस्सी_सेकंड

मॅडम, नागपुरात यातलं काही प्रत्यक्ष बघता येईल का? अर्चिन तर इथे मिळणार नाही.

प्राणिशास्त्रवाली

जिवंत अर्चिन नाही. पण वैनगंगाकाठ यांची हरकत नसेल तर पावसाळ्यात हॅचरीत जा. रोहूची अंडी आणि मिल्ट ताजी असताना अंडं वॉच ग्लासमध्ये घे, कमी ताकदीच्या भिंगाखाली फिरवत फिरवत मायक्रोपाइल शोध. पाणी लागलं की अंडं फुगायला लागतं, म्हणून घाई करावी लागेल.

वैनगंगाकाठ

हरकत कसली, अवश्य या. जून संपता संपता पहिला चांगला पाऊस झाला की कळवतो. इंजेक्शन संध्याकाळी देतो, अंडी पहाटेच्या सुमारास पडतात, त्यामुळे मुक्कामाच्या तयारीने या. भिंग तुमचं आणा, आमच्याकडचं बुरशी धरून बसलंय.